छातीवर बसलेले बाबा

या प्रकरणातल्या ताईंनी लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर: "सर, मला वेडी ठरवू नका, आणि संतही करू नका." त्यांचं वय, नोकरी, राहण्याची जागा मी बदलली आहे. इंदूरच्या हुकुमचंद मिलचं नाव तसंच ठेवलंय, कारण ते काढलं तर गोष्टच उरत नाही. शिवाय त्या मिलच्या थकबाकीचे हक्कदार कामगार जवळजवळ ४,८००. त्यांतून एक बाई ओळखायला इंदूरच्या चहाच्या टपऱ्यांवर बरीच मेहनत करावी लागेल.

मी पाळक नाही आणि डॉक्टरही नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, निवृत्तीनंतर समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, आणि आता आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत लोकांचं ऐकून घ्यायचं काम करतो.

आल्या तेव्हा

२०२४ चा ईस्टर ३१ मार्चला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ताई छावणीतल्या आमच्या खोलीवर आल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या. एका खासगी शाळेत फीच्या खिडकीवर बसतात. लग्न केलेलं नाही, वडिलांच्या घरात एकट्या राहतात. "सलाम सर" म्हणाल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि पहिलंच वाक्य असं: "येशूचं नाव माझ्या तोंडातून निघत नाही. दिवसा निघतं. रात्री नाही."

त्यांचे वडील नगर जिल्ह्यातले, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावातल्या गावचे. तरुणपणी इंदूरला आले आणि हुकुमचंद मिलच्या कार्डिंग खात्यात लागले. तिथं कापूस पिंजून त्याचे पेळू निघतात आणि हवेत तूस उडत असतं. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस सगळे पांढरे. पोरं त्यांना नाताळबाबा म्हणायची. ते चर्चमध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत आणि अनंत चतुर्दशीला मिलच्या झांकीची, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्याची, वायरिंगही करून देत. काही वडीलधाऱ्यांना ते पटत नसे. ते म्हणत, "बल्बला धर्म नसतो."

मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. देणी अडकली, खटले चालले. फुप्फुसं मात्र तोवर गेलेली होती. सुताच्या गिरणीतल्या कामगारांना असा दम लागतो. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे कायमची आवळलेली राहते. शेवटची दोन वर्षं बाबा आडवे झोपूच शकले नाहीत. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे आणि ताई शेजारी बसून असायच्या. २००९ मध्ये ते गेले. धाकटा भाऊ देवासला कारखान्यात, तो शेवटी पोहोचला तो मातीलाच.

२५ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन नाताळात, मिलच्या कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाला. त्या दिवशी ताई उपासनेहून घरी आल्या तर शेजारी मोबाईलवर तोच कार्यक्रम चालू होता. पुढच्या काही आठवड्यांत बाबांची रक्कम ताईंच्या खात्यात आली. भावाने स्टॅम्पपेपरवर सही करून दिली होती, तुझ्याच खात्यात येऊ दे म्हणून. फेब्रुवारीत स्वप्नं सुरू झाली.

रात्री काय घडत होतं

दोन वेगळ्या गोष्टी घडत होत्या आणि ताईंना त्या एकच वाटत होत्या. हे वेगळं करायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

पहिली गोष्ट म्हणजे स्वप्न. बाबा दारात उभे आहेत, डोक्यापासून मिशीपर्यंत रुई. बोलायला तोंड उघडतात तर शब्दांऐवजी रुईच बाहेर येते, पेळू निघावा तशी लांबच लांब. ताई पाणी आणायला वळतात, पण मोरी जागेवर नसते. ज्या घरात जन्म गेला त्या घरातली मोरी सापडत नाही.

दुसरी गोष्ट त्यानंतरची. डोळे उघडतात. पंखा दिसतो, खिडकीतून शेजारच्या जिन्यातला बल्ब दिसतो. पण हात उचलत नाही, मान वळत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसलेलं आहे. "बाबाच, सर. वास त्यांचाच. बिडी आणि मशीनचं तेल." येशूचं नाव घ्यायला जातात तर जीभ हलत नाही. मग एकदम सगळं सुटतं आणि घामाने गाऊन भिजलेला.

नाव निघत नाही, यावरच सगळी भीती उभी होती. पित्याच्या रूपात आलेला जो कुणी आहे तो ख्रिस्ताचं नाव घेऊ देत नाही, म्हणजे तो कोण हे ठरलंच.

हे त्यांनी एकट्यांनी ठरवलं नव्हतं. घरोघरी सुटकेच्या, म्हणजे दुष्टात्मे घालवण्याच्या, सभा घेणारा एक गट आहे. त्याचं नाव लिहीत नाही. त्यांच्या प्रमुखांनी पहिल्या दहा मिनिटांत निदान केलं: वडिलोपार्जित बंधन. घरात बाप्तिस्म्याआधीच्या पिढीची कुठली वस्तू आहे का? होती. पणजीचा पितळी तांब्या, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकून काढलेलं तिचं नाव. घराण्यात ख्रिस्ती होण्याआधीचं तेवढंच उरलेलं. ताईंनी तो भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकला. मग ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तीन दिवसांचा निर्जळी नव्हे, पण फक्त पाण्यावरचा उपास. गोळ्याही बंद, कारण उपासात गोळी म्हणजे अविश्वास. दुसऱ्या रात्री छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, घाम फुटला. गटातली माणसं डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करत होती. "निघताना झटापट करतोय," असं सांगण्यात आलं.

मला त्या लोकांचा राग आहे आणि तो लपवत नाही. पण हेही लिहायला हवं की रात्री साडेदहाला फोन केल्यावर रिक्षा करून घरी आले ते तेच. आम्ही मंडळीतल्यांनी व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

वही

ताईंना मी चौदा दिवसांची वही करायला सांगितली. किती वाजता जाग आली, कुठल्या कुशीवर होतात, रात्री काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, स्वप्न आठवतंय की नुसती भीती. फीच्या खिडकीवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे वही अशी की ऑडिटरने मान डोलवावी.

चौदांपैकी नऊ रात्री त्रास. नऊच्या नऊ साडेतीन ते साडेपाचच्या मधे. स्वप्न जाग आल्यावर अथपासून इतिपर्यंत आठवतंय. छातीवरचं ओझं पाच वेळा, आणि पाचही वेळा त्या उताण्या झोपलेल्या होत्या.

आपल्या झोपेचा स्वप्नांचा टप्पा, ज्याला रेम झोप म्हणतात, पहाटेकडे लांबत जातो, म्हणून दुःस्वप्नं बहुधा उत्तररात्रीची असतात. लहान मुलं पहिल्या प्रहरात किंचाळून उठतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही; तो प्रकार वेगळा, गाढ झोपेतला. रेम झोपेत डोळ्यांचे आणि श्वासाचे मुख्य स्नायू सोडले तर बाकी शरीर सैल पडलेलं असतं, नाहीतर माणूस स्वप्नात पळताना पलंगावरून खाली पडेल. कधी कधी जाग आधी येते आणि शरीराची ती कुलपं क्षणभर उशिरा उघडतात. डोळे उघडे, अंग बंद. छातीवर दाब, खोलीत कुणी असल्याची खात्री, हे सगळं या अवस्थेत जगभर होतं, ख्रिस्ती असो की नसो. उताणं झोपणाऱ्यांना जास्त.

म्हणजे जीभ अडवणारा दुष्टात्मा नव्हता. त्या क्षणी ताईंना "पंखा" हा शब्दही म्हणता आला नसता. मी त्यांना तसंच सांगितलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, "पंखा म्हणून बघितलंच नाही ना कधी." आणि हसल्या. पहिल्यांदा.

वहीतल्या गोळीच्या रकान्यात प्रोप्रानोलॉल, ४० मिलिग्रॅम, रात्री. जानेवारीत अर्धशिशी आणि धडधडीसाठी डॉक्टरांनी दिलेली. ही बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चरबीत सहज विरघळते, म्हणून मेंदूत पोहोचते, आणि अगदी खरी वाटणारी, भडक स्वप्नं हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. अचानक बंद केली तर उलटा फटका बसतो: नाडी उसळते, रक्तदाब चढतो. काही रुग्णांत ते जिवावरही बेततं. पवित्र आठवड्यातली ती "झटापट" हीच होती. गोळी हळूहळू कमी करत दुसरी सुरू करायचं काम त्यांच्या डॉक्टरांनी केलं. मी फक्त वही घेऊन सोबत गेलो. झोपेत हातपाय झाडता का, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही विचारून झालं होतं. नाही.

मेच्या सुरुवातीला चौदांपैकी तीन रात्री उरल्या. कुशीवर झोपायला लागल्यापासून छातीवरचं ओझं एकदाच. मी खूश होऊन म्हणालो, "ताई, गोळीच होती बघा."

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. "भूत गेलं, सर. बाबा राहिले."

गणिताच्या मास्तरला एकच उत्तर हवं असतं. त्या गटाने दहा मिनिटांत शिक्का मारला म्हणून मी नाकं मुरडली, आणि मीही शिक्काच मारला होता, फक्त वेगळ्या शाईचा. गोळीने स्वप्नाचा आवाज वाढवला होता हे खरं. पण स्वप्नात बाबाच का, तोंडात रुई का, आणि ती मोरी का सापडत नाही, हे गोळीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

पुढे सरकवलेलं ताट

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. भाकरीचं ताट ओळीतून फिरतं. ताईंनी एप्रिलमध्ये ते पुढे सरकवलं होतं आणि मेमध्येही. मी पाहिलं होतं, पण स्वप्नाशी जोडलं नव्हतं.

आता विचारलं. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग पैशांचं आलं. बाबांची रक्कम किती आली ते भावाला त्यांनी खोटं सांगितलं होतं. खरी होती त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त सांगितली, आणि त्यातले अर्धे दिले. "दोन वर्षं मी बसून काढली. सिलिंडरचे पैसे मी भरले. त्याने एकदा तरी विचारलं का?" त्यांच्याकडे बिस्किटाच्या डब्यात २००७ पासूनच्या पावत्या आहेत. मी बघितल्या. ऑक्सिजन, इंजेक्शनं, एका पावतीमागे बाबांच्या हातचं: "दूध २ दिवस नको."

इथून पुढे मला प्रकरण आध्यात्मिक वाटतं, आणि हा शब्द मी जपून वापरतो. अंगात येणं, किंचाळणं, तेल लावणं यांत मला झगडा दिसला नव्हता. तो होता ताट पुढे सरकवणाऱ्या हातात.

स्वप्नांबद्दल पवित्र शास्त्र दोन्ही बाजूंनी बोलतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत पाच स्वप्नं आहेत: चार योसेफाची, एक मागी लोकांचं, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचं. पाचही थोडक्यात, आणि प्रत्येकात पुढचं पाऊल सांगितलेलं. मरीयेला घरी आण, मिसरात जा, परत फीर. योसेफ उठतो आणि निघतो. अर्थ लावणारा शोधत बसत नाही. उलट बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आणि यिर्मयाच्या तेविसाव्यात स्वप्नं सांगून लोकांना भुलवणाऱ्यांना कडक शब्द आहेत. ‘उपदेशक’ या पुस्तकात म्हटलंय, फार कामाच्या व्यापाने स्वप्नं पडतात. आणि ईयोब: बिछान्यावर तरी बरं वाटेल म्हणतो तर तू मला स्वप्नांनी भेडसावतोस, असं तो थेट देवालाच सुनावतो. सातव्या अध्यायातलं हे वाक्य ताईंनी कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं. देवाच्या माणसाला वाईट स्वप्नं पडू शकतात आणि त्याची तक्रार प्रार्थनेतच करता येते, हे त्यांना नवीन होतं. त्या गटात भीती कबूल करणं म्हणजे हार होती.

संत ऑगस्टीनने आपल्या आईबद्दल, मोनिकाबद्दल, लिहून ठेवलंय. मुलाच्या लग्नाविषयी देवाने काही दाखवावं म्हणून ती प्रार्थना करायची, आणि तिला काहीबाही दिसायचं. पण ते आपल्याच मनाचे खेळ आहेत हे तिला कळायचं. फरक शब्दांत सांगता येत नाही, एक चव असते, असं ती म्हणे. चौथ्या शतकातली ती बाई आजच्या अनेक सभाप्रमुखांपेक्षा सावध होती.

आमच्या पाळकसाहेबांना मी ताईंच्या परवानगीने सामील करून घेतलं. त्यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितला नाही. विचारलं एवढंच: "बाबा काही मागतात का?" ताई म्हणाल्या, "नाही. बोलताच येत नाही त्यांना." "मग तुम्ही बोला. दिवसा." जीभ अडकते त्याबद्दल रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला. आपल्याला प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा अवाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. "नाव तुमच्या जिभेवर नसेल तेव्हाही ऐकणारा बहिरा नसतो, ताई."

ताईंना सगळी रक्कम त्याच रात्री देऊन टाकायची होती, भावाला किंवा चर्चला, कुणालाही. सुटकेच्या गटाने तसं आभारार्पण आधीच सुचवलं होतं. आम्ही थांबवलं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा सोळाव्या शतकातला नियम आहे की मन ओसाड असताना आधीचा निश्चय बदलू नये. आम्ही तो थोडा ताणून लावला: सलग दोन आठवडे नीट झोप झाल्यावर, आणि दिवसाउजेडी, पैशांचं बोलायचं.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जाण्याचं वचन मी काढणार होतो. त्यांनीच काढलं. "त्यात असं नाही लिहिलं ना, की माझं भावाविरुद्ध काही आहे. लिहिलंय, भावाचं माझ्याविरुद्ध." मी या ओळी शेकडो वेळा ऐकल्यात. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जूनमध्ये त्या आणि पाळकसाहेब देवासला गेले. खरी रक्कम सांगितली, पावत्यांचा डबा पुढे ठेवला. माझं मत होतं की खर्च वजा करून वाटणी व्हावी. तो त्यांचा हक्क होता. भावाने डबा उघडलाही नाही. "मला पैसे नकोत असं मी म्हणणार नाही," म्हणाला, आणि पूर्ण अर्धे मागितले. ताईंनी दिले. मला अजून पटलेलं नाही. वहिनीने चहा विचारला नाही, हे मला पाळकसाहेबांनी सांगितलं, ताईंनी नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी ताट आलं तेव्हा त्यांनी भाकरी घेतली.

तांब्या

स्वप्न तरी येतच होतं, आठवड्यातून एखाद्या वेळी. मग आम्ही एक साधी पद्धत वापरली. दिवसा, पूर्ण जागेपणी, तेच स्वप्न कागदावर लिहायचं, त्यात स्वतःला हवा तो बदल करायचा आणि नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. अमेरिकेत बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, २००१ मध्ये, याने दुःस्वप्नं कमी झाल्याचं दिसलं होतं. मंडळीतल्या एका काकांनी हरकत घेतली, ही तर जादू झाली. बिछान्यावर पडल्या पडल्या देवाचं चिंतन करायला स्तोत्रकर्ता सांगतो, तेव्हा तोही डोळे मिटून काहीतरी बघतच असणार, असं मी म्हणालो. काकांचं समाधान झालं नाही.

ताईंनी लिहिलेलं नवं स्वप्न चार ओळींचं आहे. बाबा दारात. रुई तशीच. मोरी शोधायची नाही, कारण पाणी दारापाशीच ठेवलंय, पणजीच्या तांब्यात. बाबा चूळ भरतात, रुई थुंकतात, उरलेलं पाणी घटाघटा पितात.

भंगारात गेलेला तांब्या परत मिळाला नाही. त्यांनी त्या भंगारवाल्याकडे दोन चकरा मारल्या. कागदावर मात्र ठिपक्यांतलं नाव त्यांनी पूर्ण लिहून काढलंय, अक्षर न अक्षर.

पावसाळा संपेपर्यंत स्वप्न महिन्यातून एकदा. नंतर मी मोजणं सोडलं, त्यांनी वही चालू ठेवली. एकदा बाबांनी खरंच पाणी प्यायलं, अशी नोंद आहे, पुढे वेळ: ४.१०.

डिसेंबरच्या सुरुवातीला भाऊ मोटारसायकलवरून आला, न कळवता. पैशांचं काही नव्हतं. स्वप्नाचं त्याला पाळकसाहेबांकडून कळलं होतं. मला ते आवडलं नाही, पण कळलं होतं. ताईंनी चहा ठेवला. तो बराच वेळ दाराकडे बघत होता. मग विचारलं, "रुई भुवयांवरच असते, की मिशीवर पण?"

"मिशीवर पण."

"तोच निळा शर्ट?"

"शर्ट नाही बघितला रे मी कधी. आता बघीन."

चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नव्हता. "मला एकदाही नाही दिसले," म्हणाला.